मिठागरावरची बघणी

"मान जरा तिकडे, बाय. अशी. ती बाजू भिंतीकडे राहू दे."

सफाळ्याच्या बाजारातला तो फोटो स्टुडिओ कधीच गेला, पण तो आवाज गेला नाही. गालात पान धरलेला, मऊ, मायेचा आवाज. शाळेच्या ओळखपत्रासाठी आईनं मला तिथे नेलं होतं. फोटोग्राफरनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, देव्हाऱ्यातली मूर्ती नीट बसवावी तशी वळवली आणि म्हणाला, "आता कशी छान." आईनं मान डोलावली. दोघांनाही वाटलं, पोरीचं भलं केलं.

त्या फोटोत मी अर्धीच आहे. उरलेली अर्धी अजून त्या भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि तिचा राग मला ऐकू येतो.

पुढे तोच आवाज जागोजाग भेटला. स्नेहसंमेलनात बाईंच्या तोंडून, लग्नघरी मावशीच्या तोंडून, पार्लरमध्ये टॉवेल गुंडाळणाऱ्या मुलीच्या तोंडून. कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर मीही ओरडले असते. मायेनं मान वळवणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही.

माझ्या उजव्या कानामागून एक पांढरी वाट निघते. मानेवरून उतरते, गळ्याच्या हाडापाशी क्षणभर थांबते, मग खांद्यावर पसरते. भरतीचं पाणी वाळूत शिरावं तशी, कडेकडेनं नक्षी ठेवत. नव्या औषधांनी हातावरचं गेलं, मानेवरचं राहिलं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. घरात त्याला नाव नव्हतं. आत्या म्हणायची चांदणं सांडलंय, मामी म्हणायची देवानं बोट लावलंय, आणि आई नुसतं "ते" म्हणायची. ते झाकलंस का? ते दिसतंय बघ. भर वैशाखात माझ्या गळ्याला ओढणी आणि कुडत्याला बंद गळा. खरा शब्द आमच्या घरात कुणाच्या ओठांवर आला नाही. माझ्याही नाही.

मी कॅमेऱ्यामागचं काम निवडलं यात नवल ते काय?

लोकेशनवर फोटो काढतात तेव्हा फोटोग्राफर एकीकडे असतो, आणि तो फोटो बघून मान हलवणारी माणसं दुसरीकडे, सावलीत. कॅमेऱ्यात उमटलेलं चित्र त्याच क्षणी त्यांच्या टॅबलेटवर दिसायला हवं. स्टुडिओत वायर जोडली की झालं. डोंगरावर, समुद्रावर वायर किती ओढणार? म्हणून चित्र हवेतून धाडायचं. धाडताना त्याचे हजारो बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा रेडिओलहरीवर बसून पलीकडे जातो आणि तिथे सगळे पुन्हा जुळतात. वाटेत काही हरवतात. ओलं झाड लहर पिऊन टाकतं. माणसाचं अंगही पिऊन टाकतं, कारण माणूस म्हणजे मिठाच्या पाण्याची भरलेली पखालच. हरवलेला तुकडा पलीकडचं यंत्र पुन्हा मागून घेतं. पण फारच हरवले की चित्र अडतं आणि सावलीतली माणसं ओरडायला लागतात. ते अडू नये अशी वाट बांधणं हे माझं काम. अँटेना कुठे लावायची, किती उंच, माणसांच्या डोक्यांवरून लहर कशी न्यायची, लहर झेलून पुढे धाडणारं यंत्र, म्हणजे मधला टप्पा, कुठल्या झाडाला चुकवून ठेवायचं. मी ते चांगलं करते. त्याचा मला गर्व आहे, आणि तो तरी मी झाकत नाही.

मग सांधक आला, तुटलेलं चित्र आपोआप सांधणारा प्रोग्रॅम.

त्यामागचा विचार साधा होता. हरवलेला तुकडा पुन्हा मागत बसण्यापेक्षा पलीकडच्या यंत्रानं तो ओळखूनच घ्यावा. चहूकडे आकाश आहे आणि मधे भोक आहे, तर भोकातही आकाशच असणार. लाखो फोटो बघून बघून सांधक हे शिकला होता. सुरुवातीला तो खरोखर हरवलेल्या जागाच भरायचा. पुढच्या आवृत्तीत वेग वाढवायचा म्हणून त्याला एक मोकळीक दिली गेली. तुकडा हरवला की नाही, हे तो आता तपासेना. चित्राकडे बघूनच ठरवू लागला. इथे काहीतरी असायला हवं होतं आणि ते नाही, असं त्याला वाटलं की भरलं. चित्र कुठेच अडेना. क्रिकेटच्या सामन्यापासून बारशापर्यंत सगळीकडे सांधक बसला, आणि तुटलेलं चित्र कसं दिसतं हेच लोक विसरून गेले. पाठोपाठ धंद्यात नियम आला: गिऱ्हाइकानं टॅबलेटवर जे पसंत केलं तेच अल्बमात जाणार, कॅमेऱ्यातलं मूळ चित्र पुसून टाकायचं. मूळ म्हणजे कच्चा माल. पसंत पडलं ते खरं.

माझ्या कामावर मी सांधक बंद ठेवायचे. "ऋजुता चुरी आली, आता चित्र आलं तर खरं येईल, नाहीतर येणारच नाही," अशी माझी थट्टा व्हायची. होऊ दे म्हणायचे. हरवलं ते हरवलं म्हणावं, त्यात लाज कसली?

आणि बघणीबद्दल सांगायला हवं. पोह्यांचा ट्रे घेऊन मुलीनं पुढे येणं मागासलेलं म्हणून आमच्या पिढीनं बंद पाडलं. त्याच्या जागी काय आलं? लग्नाआधीचं फोटोशूट होतंच. त्या शूटला मांडव आला, मांडवात खुर्च्या आल्या, खुर्च्यांत मुलाकडचे आले, त्यांच्या हातात टॅबलेट आले. मुलगी तिकडे लांब वाऱ्यात उभी, आणि इकडे तिचा एकेक फोटो बोटांनी ताणून ताणून बघणं चालू. पसंतीचं बटण दाबलं की ठरलं. याला थेट बघणी म्हणतात. पोह्यांच्या काळात बघणाऱ्याला निदान मुलीसमोर बसावं लागायचं. तिनं उलटून त्याच्याकडे बघण्याची भीती असायची. आता तीही नाही.

निहार राऊतला माझ्याबद्दल ठाऊक होतं. लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हाच केळव्याच्या सुरूच्या बनात मी त्याच्यासमोर ओढणी काढली होती. एक अक्षर न बोलता. त्यानं पाहिलं, तळवा माझ्या मानेवर ठेवला आणि म्हणाला, "एवढंच?" त्या शब्दात मला घर बांधण्याएवढी जागा दिसली. तिथेच मी त्याला हो म्हटलं.

त्याच्या आईनं, सुनीतीकाकूंनी, मला पाहिलं होतं ते बंद गळ्यात. "आईला मी सांगतो," निहार म्हणाला. मग काकूंचं ब्लडप्रेशर आडवं आलं, पाहुणे आडवे आले, पितृपक्ष आडवा आला. शेवटी मीच म्हटलं, "तू नको, मी नको, चित्रालाच सांगू दे. बघणीच्या दिवशी मी मान उघडी ठेवते. काकू बघतील, हवं तेवढं बघतील. मग मी तशीच मांडवात येऊन त्यांच्या शेजारी बसेन. नको असेल तर तिथेच नको म्हणू देत."

"बेस्ट," तो म्हणाला. "म्हणजे बोलायची भानगडच नाही."

मला बरं वाटलं. मला तो शब्द उच्चारता येत नव्हता. जी वस्तू घरात कधी कुणी हातात धरली नाही, ती मी एकदम उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन कशी ठेवणार? चित्रावर मात्र माझा विश्वास होता. वाट मी बांधणार होते.

जागा ठरली ती दातिवऱ्याच्या खाडीकाठचं मिठागर. समुद्रानं खालचा रस्ता गिळल्यापासून तिथे उंच नवे बांध घातले होते. पावसाळा सरून वाफे नुकते भरले होते, आणि बांधांवर गेल्या हंगामातल्या मिठाच्या राशी उभ्या होत्या. मांडव रस्त्याच्या कडेला, कारण पुढे खुर्च्या चिखलात रुतल्या असत्या. फोटो काढायचे ते पार पलीकडच्या बांधावर. मधे नुसतं पाणी.

लहरींसाठी इतकी फसवी जागा दुसरी नाही. आड काहीच नसतं, म्हणून नवख्याला सोपं वाटतं. पण भरलेला वाफा हा आरसा असतो. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून किंचित उशिरा येते. दोघी जुळून आल्या तर ठीक. एक चढती असताना दुसरी उतरती आली की दोघी एकमेकींना संपवतात आणि ऐन उघड्यावर चित्र मरतं. त्यावर उपाय म्हणजे एकाच बांबूवर दोन उंचींना दोन अँटेना. एकीच्या जागी लहरी संपल्या तरी दुसरीच्या जागी जिवंत असतात. मधल्या बांधावर एक टप्पा, आणि तिथून मांडवामागच्या टेबलापर्यंत सरळ वायर.

"नवरीनं स्वतःच्या बघणीला बांबू रोवलेला मी पहिल्यांदाच बघतोय," ग्लेन म्हणाला. ग्लेन डाबरे वसईचा, कामातला माझा जुना जोडीदार. आज मी कॅमेऱ्यासमोर असणार म्हणून टेबलावर तो बसणार होता.

"तू रोवलास तर तिरका रोवशील."

"मेंदी खराब होईल गो."

"काढलेली नाही. बांबू धर नीट."

"आणि सांधक?"

"बंद. चित्र अडलं तर अडू दे. काकू ओरडल्या तर ओरडू दे."

"सासू तुझी आहे, माझं काय जातंय," तो म्हणाला. "बंद म्हणजे बंद."

मिठाच्या कोठीत मी साडी नेसले. मोरपंखी रंगाची, मोठ्या गळ्याचं पोलकं. आई पदराला पिन लावत होती आणि मी काढत होते.

"वारा आहे. पदर उडेल."

"उडू दे."

"ते दिसेल."

"दिसावं म्हणूनच चाललंय सगळं, आई."

"माणसांना एकदम नाही गो पचत. लग्न होऊ दे. मग घरातल्या घरात कळेलच की."

"काय कळेल? सांग ना. नाव घे त्याचं."

आईच्या ओठांत दोन पिना होत्या. त्या तशाच ओठांत धरून ती मांडवाकडे चालू लागली.

पलीकडच्या बांधावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. फोटोग्राफर मोहिते गुडघ्यावर बसला. "डावी बाजू इकडे करा," तो सवयीनं म्हणाला, आणि मी उजवी केली. त्यानं फोकस तसाच जुळवला, भला माणूस. कॅमेरा टिपत गेला. माझ्या मानेवर वारा लागत होता, थेट, कापडातून गाळून न आलेला. एवढ्या वर्षांत त्या कातडीला वारा कसा लागतो हे मला माहीतच नव्हतं. पाण्याला ऊन लागलं, मिठाला ऊन लागलं, आणि माझ्या मानेलाही ऊन लागलं. उन्हानं तिघांत काही फरक केला नाही.

वॉकीटॉकी खरखरला. सुनीतीकाकूंचा आवाज.

"ऋजुता, अगं फार गोड दिसतेस गं. मान काय सुरेख आलीये. आम्हा सगळ्यांना पसंत आहे. बघ, बटण दाबलं मी."

मी खाली बसले, साडीचा विचार न करता, ओल्या बांधावरच. मान सुरेख आलीये. काकूंनी मान पाहिली होती, मानेचंच नाव घेतलं होतं. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. आजवर केलेल्या प्रत्येक बंद गळ्याला मी मनातल्या मनात निरोप दिला. "काजळ पसरेल," मोहिते म्हणाला, आणि मी हसले, आणि ते पसरलंच.

तेवढ्यात फोन थरथरला. काकूंनी तो फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता. ग्रुपमध्ये मला त्याच सकाळी घेतलं होतं. "आमची होणारी सून," खाली लिहिलं होतं.

फोटोत मोरपंखी साडी होती. मागे मिठाची रास होती. मधे माझा चेहरा, उजवी बाजू पुढे. आणि त्याखाली एक गव्हाळ, एकसारखी, तुकतुकीत मान होती. कुठे वाट नाही, कुठे नक्षी नाही. गळ्याच्या हाडावर तर एक तीळसुद्धा ठेवला होता, नीट जागा बघून.

माझ्या मानेवर तीळ नाही.

मोहित्याच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पाठीवर मी होते, पांढऱ्या वाटेसकट. तो कच्चा माल. संध्याकाळी पुसला जाणार.

मी वॉकीटॉकी उचलला. "ग्लेन, किती तुकडे हरवले?"

"एकही नाही. वाट एकदम कडक बांधलीस."

"मग सांधक चालू कसा?"

ग्लेन हळू बोलला, "निहार आला होता, सुरू व्हायच्या आधी. म्हणाला, ऋजू हो म्हणालीये. पुन्हा विचारू नको, सगळ्यांदेखत तिला कसंतरी होईल. मला वाटलं, घरचा माणूस आहे. ऋजू, मी फक्त टेबलावरचा एकच टॅबलेट सांधकाविना ठेवलाय. त्यात तू तूच दिसतेस."

एकही तुकडा हरवला नव्हता. दोन अँटेना, मधला टप्पा, सगळी वाट अखंड होती; मी जशी होते तशी पलीकडे पोचले होते. पोचल्यावर मला पुसलं. सांधकाच्या दृष्टीनं पांढरं, ठळक कडेचं, आत काही रेघ-छटा नसलेलं म्हणजे हरवलेलं. मिठाची रास त्याला ठाऊक होती, ढग ठाऊक होते, बगळाही ठाऊक होता. बाईच्या मानेवरचं पांढरं त्याला ठाऊक नव्हतं, कारण ज्या लग्नांच्या फोटोंवर तो शिकला त्यांत तसं एकही नव्हतं. तसल्या बायका लग्नांतून नव्हत्याच असं नाही. त्यांना आधीच कुणीतरी हातानं पुसलं होतं, घराघरांतून, स्टुडिओस्टुडिओंतून. यंत्र आमच्याकडे बघून शिकलं, दुसरं काय? त्याच्यावर रागावून मी करणार काय होते? ते निदान मला ओळखत नव्हतं.

जो ओळखत होता तो बांधावरून येत होता. हातात घडी घातलेली शाल.

"वारा फार आहे," निहार म्हणाला. "पांघरून घे आणि चल. सगळे वाट बघतायत."

"तू चालू केलास?"

"आधी घे तरी."

"निहार."

"हो. मी केला." त्यानं मोहित्याकडे पाहिलं. मोहिते कॅमेरा घेऊन लांब गेला. "ऐक. आईनं बटण दाबलंय. मांडवात पेढे फिरतायत. तुला हवं होतं तेच झालं ना?"

"मला काय हवं होतं?"

"त्यांची पसंती."

"ती त्यांनी तीळवालीला दिली. ती कोण आहे, तुला माहितीये? मला नाही."

"असं तिरकं नको बोलू. आई वाईट नाहीये. पण मावशी आहे, काका आहेत, मांडव भरलाय. एवढ्या लोकांत कुणी तोंडातून काही काढलं असतं तर तुला सहन झालं असतं? मी तुला वाचवलं, ऋजू."

"कुणापासून? माझ्यापासून?"

"लग्नानंतर सांगू ना. सावकाश, एकेकाला. तोवर थोडा मेकअप, बंद गळा. तुला सवय आहेच."

तुला सवय आहेच.

त्यानं हे प्रेमानं म्हटलं. तेच तर. त्याच मऊ आवाजात म्हटलं, ज्यात माणसं आजारी माणसाला उशी देतात. माझ्या छातीत जे पेटलं ते अंगभर गेलं, पायांच्या नखांपर्यंत. सुरूच्या बनात मी त्याला जे उघडून दाखवलं होतं त्याचं त्यानं काय केलं? पाहिलं, एवढंच म्हणाला, आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी ठेवून दिलं. सासर म्हणून जे मला मिळणार होतं ते आणखी एक बंद गळ्याचं पोलकं होतं, फक्त यावेळी जन्मभराचं. आणि आरशातली मी हळूहळू त्या तीळवालीसारखी दिसावी म्हणून मी दर सकाळी दार लावून रंग लावणार होते. पोरं झाली तर त्यांच्या अंगावर पहिला पांढरा ठिपका शोधत बसणार होते. आणि हा शेजारी उभा राहून म्हणणार होता, सवय आहेच.

"तू सांग," मी म्हटलं. "आत्ता. मांडवात, माझ्याशेजारी उभा राहून. सांगितलंस तर हे सकाळचं सगळं मी गिळून टाकीन, पुन्हा कधी काढणार नाही. नाही सांगितलंस तर हे लग्न नाही."

"लोक जमलेत आणि तू धमकी देतेस?"

"धमकी वाटते तुला? मी तुला अजून एक संधी देतेय. वेडी आहे म्हणून देतेय."

मी चालू लागले. शाल त्याच्याच हातात राहिली. बांध अरुंद, त्यामुळे त्याला मागूनच यावं लागलं. वाफ्यांत फळ्या ओढणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "नवरी चिडलीये गो," आणि दुसरी म्हणाली, "बरं आहे, आधीच चिडलेली बरी."

मांडवात गार हवेचे पंखे चालू होते. पेढ्यांचा डबा फिरत होता. निहारची मावशी कुणाला तरी सांगत होती, "मुलगी उंच आहे, निहारला स्टुलावर उभा करावा लागेल." हशा झाला. आई एका कडेच्या खुर्चीत बसली होती. तिच्या मांडीवरचा टॅबलेट तिनं पालथा घातला होता. म्हणजे तिनं पाहिलं होतं. तिच्या लेकीची मान तिच्या डोळ्यांदेखत कोरी झाली, आणि ती गप्प राहिली.

मला पाहून सुनीतीकाकू उठल्या. लगबगीनं, खऱ्या आनंदानं पुढे आल्या. माझ्या तोंडात पेढा घातला. मग त्यांची नजर खाली उतरली.

"अगंबाई, मानेला बघ केवढं मीठ लागलंय. थांब हं."

त्यांनी आपल्या पदराचं टोक घेतलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि माझी मान पुसू लागल्या. हात हलका होता. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. कानामागून सुरुवात केली, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. "वाऱ्यानं उडतं मेलं, जातच नाही," असं म्हणत पदर पुन्हा भिजवला, जरा जोर लावला. थंड पाणी माझ्या पोलक्यात उतरत होतं. तोंडात पेढा होता, तो ना गिळवत होता ना थुंकवत. हळूहळू बोलणी थांबली. मावशी मान पुढे काढून बघू लागली.

"निघत कसं नाही गं हे?" काकू म्हणाल्या, आता जरा गोंधळून.

मी निहारकडे पाहिलं. तो अगदी जवळ होता, हाताच्या अंतरावर. त्यानं तोंड उघडलं. मला खरंच वाटलं, आता हा बोलणार.

"मीठच आहे, आई," तो हसून म्हणाला. "इथलं चिकट असतं. घरी गेली की धुवेल ती." आणि त्यानं शाल उलगडून माझ्या खांद्यांवर टाकली, मानेपर्यंत ओढून घेतली.

मी पेढा गिळला. बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधी कडेची खुर्ची मागे सरकली.

आई आली ती सरळ आमच्या दोघींच्या मधे. तिनं काकूंचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"पुसू नका, विहीणबाई."

"अहो, पण एवढं मीठ..."

"मीठ नाही ते." आईचा आवाज फाटला होता. तिनं माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि निहारच्या हातात दिली. मग मांडवाकडे वळून, एकेका खुर्चीला ऐकू जाईल असं बोलली. "कोड आहे. माझ्या ऋजुताला कोड आहे, लहानपणापासून. मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या मुलाला मात्र तिनं पहिल्या दिवशीच दाखवलं होतं. त्याला सगळं ठाऊक आहे, बाई, आणि तो आत्ता तुमच्या तोंडावर खोटं बोलला."